ऐकणाऱ्याविना कबुली

'लूझिंग माय रिलिजन' या गाण्यावरचा वाद गेली तीसेक वर्षं चालू आहे आणि दर वेळी तो एकाच ठिकाणी येऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, हे गाणं देवावरची श्रद्धा उडाल्याचं आहे. नावातच ते आहे, शिवाय व्हिडिओत देवदूत, संत, देवदेवता सगळे हजर आहेत. दुसरा पक्ष जास्त माहीतगार असतो. तो सांगतो की अमेरिकेच्या दक्षिणेकडे हा एक रुळलेला वाक्प्रचार आहे. डोकं फिरणं, सहनशक्ती संपणं असा त्याचा अर्थ. गाणं एकतर्फी प्रेमाचं आहे, आणि खुद्द गायकानं ते वेळोवेळी सांगितलेलं आहे. व्हिडिओतल्या धार्मिक प्रतिमा दिग्दर्शकाच्या, त्यांचा गाण्याशी संबंध नाही. एवढं ऐकलं की पहिला पक्ष वरमतो, दुसरा जिंकतो आणि गाण्याचा विचार तिथेच संपतो.

माझ्या मते हे दुसरं उत्तर पहिल्याइतकंच उथळ आहे. फक्त त्याच्या हाताशी माहिती जास्त आहे. गाण्यात काहीतरी हरवतं हे दोघांनाही मान्य आहे. एकाच्या मते देव हरवतो, दुसऱ्याच्या मते संयम. मला वाटतं, इथे समोरच्याच्या मौनाला उत्तर समजण्याची ताकद संपते. भक्त आणि एकतर्फी प्रेम करणारा माणूस, दोघेही याच ताकदीवर जगत असतात. म्हणून धर्म हा या गाण्याचा विषय नसला तरी त्याचा घाट धर्माचा आहे. व्हिडिओनं हा घाट नेमका ओळखला आणि त्याची दुसरी बाजू दाखवली: ज्याच्याकडे सगळे आस लावून पाहत असतात, त्याचं काय होतं.

पहिली पायरी: वाक्प्रचार किती सांगतो

हे गाणं ज्यांचं आहे तो आर.ई.एम. हा बँड १९८० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात उभा राहिला. गायक मायकल स्टाइप, गिटारवर पीटर बक, बेसवर माइक मिल्स आणि ड्रम्सवर बिल बेरी. दहा वर्षं कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर नाव कमावल्यानंतर १९९१ च्या मार्चमध्ये त्यांचा 'आउट ऑफ टाइम' हा अल्बम आला. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत, हे गाणं स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालं होतं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. बँड दक्षिणेचा, तेव्हा वाक्प्रचारही दक्षिणेचा, हे खरं. स्टाइपनं या गाण्याचं नातं द पोलीस या बँडच्या 'एव्हरी ब्रेथ यू टेक'शी जोडलं आहे, तेही खरं. तिथेही एका माणसाचं दुसऱ्यावर खिळलेलं लक्ष हाच विषय आहे.

पण वाक्प्रचारानं फक्त शीर्षक उलगडतं. वैतागलो, हरलो, कंटाळलो हे सांगायला कुठल्याही भाषेत डझनभर तयार शब्द असतात. त्यांतला धर्माचाच का निवडला? आणि निवडल्यावर बाकीच्या ओळी त्याच्याच शेजारी का जाऊन बसल्या? गाण्यात कबुल्या आहेत आणि त्या निवडून दिल्या जात आहेत. चूक होणं आहे आणि त्या चुकीपायी गुडघ्यांवर येणं आहे. समोरच्यावर सतत नजर ठेवणं आहे आणि आपली नजर पुरी पडणार नाही ही धास्ती आहे. प्रेमगीताला हे शब्द लागतातच असं नाही. चर्चमधल्या कबुलीच्या पेटीला मात्र ते नेमके लागतात.

गीतकारानं सांगितलेल्या हेतूबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. स्टाइप म्हणतो की हे एकतर्फी प्रेमाचं गाणं आहे, आणि मी त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. गीतकाराचं विधान हा पुरावा आहे आणि चांगला पुरावा आहे. पण 'कशाबद्दल' हे कळल्यानं 'कसं' आणि 'काय घडतं' हे कळत नाही. गाणं प्रेमाबद्दल आहे एवढंच म्हणणं म्हणजे जगातल्या निम्म्या गाण्यांबद्दल काहीच न म्हणणं. एकतर्फी प्रेम या अवस्थेत माणसाचं मन नेमकं काय करतं, आणि त्यातलं काय या गाण्यानं पकडलं, इथे खरा प्रश्न सुरू होतो.

दुसरी पायरी: कबुली आहे, ऐकणारा नाही

या गाण्यातला 'तू' एकदाही बोलत नाही. बोलणारा एकटाच बोलतो, मग स्वतःच्याच बोलण्याची तपासणी करतो. जरा जास्त बोललो का? की सांगायचं ते सांगितलंच नाही? समोरच्याचं हसणं, गाणं कानांवर आल्यासारखं वाटतं आणि लगेच ते भास असल्याची शंका येते. शेवटाकडे तर सगळंच स्वप्न होतं की काय इथवर तो पोचतो.

कॅथलिक परंपरेत कबुलीला एक रचना असते. जाळीपलीकडे पाद्री बसलेला असतो. तो दिसत नाही, पण असतो. तो ऐकतो, प्रायश्चित्त सांगतो, क्षमा देतो, आणि उठून बाहेर पडताना माणसाला काहीतरी मिळालेलं असतं. या गाण्यात पेटी आहे, जाळी आहे, आणि जाळीपलीकडे कुणी आहे की नाही हेच ठाऊक नाही. त्यामुळे कबुली देणाऱ्यालाच पाद्रीचंही काम करावं लागतं. तो बोलतो, तोच ऐकतो, तोच दोष देतो. क्षमा मात्र त्याला स्वतःला देता येत नाही, कारण ती दुसऱ्यानंच द्यायची असते. एकतर्फी प्रेमाची सगळ्यांत क्रूर बाजू हीच आहे. नकार पचवता येतो. उत्तरच आलेलं नसतं तेव्हा माणूस नकारही स्वतः लिहितो आणि होकारही स्वतःच.

श्रद्धेचं मूळ कामही हेच आहे. पाऊस पडला तर कृपा, नाही पडला तर परीक्षा. मौनाचा अर्थ लावत राहणं, आणि तो अर्थ आपण लावलेला नसून आपल्याला मिळालेला आहे असं मानत राहणं, ही श्रद्धेची रोजची मेहनत असते. मी हे हिणवून म्हणत नाही. त्या मेहनतीवर माणसं आयुष्यं काढतात आणि चांगली काढतात. पण ती मेहनत एके दिवशी झेपेनाशी होऊ शकते. समोरचं मौन तेवढंच असतं. आपल्यात मात्र ते वाचायचं बळ उरत नाही. या क्षणाला दक्षिणेतला वाक्प्रचार आणि त्याचा शब्दशः अर्थ एकत्र येतात. सहनशक्ती संपणं आणि श्रद्धा संपणं ही तिथे एकच घटना असते.

गाण्याच्या घडणीतला एक तपशील इथे फार बोलका आहे. स्टाइपनं नंतर सांगितलं आहे की सुरुवातीच्या ओळीत तो एका समारंभातल्या बुजऱ्या माणसाची कल्पना करत होता. आवडत्या व्यक्तीजवळ जायचं धाडस नाही म्हणून कोपऱ्यात उभा राहणारा, स्वयंपाकघरात जाऊन थांबणारा माणूस. पुढे त्यानं स्वयंपाकघर काढलं आणि तिथे रंगमंचावरचा प्रकाशझोत आणला. या एका बदलानं गाण्याचं गणित बदललं. आधीचा माणूस दोन्ही ठिकाणी लपलेला होता. आता तोच कोपऱ्यातही आहे आणि सगळ्यांच्या नजरेसमोरही. पाहणारा आता पाहिला जाऊ लागला. व्हिडिओनं पुढे जे केलं त्याचं बीज मला या दुरुस्तीत दिसतं.

तिसरी पायरी: सूर काय सांगतात

गाण्याच्या अर्थावर बोलताना बहुतेक लोक फक्त शब्द वाचतात. रॉकच्या बाबतीत हे अर्धवट वाचन आहे, आणि या गाण्याच्या बाबतीत तर जास्तच.

गाण्याचा कणा मँडोलिन आहे. पीटर बकनं हे वाद्य नव्यानं घेतलं होतं. टीव्हीसमोर बसून तो सराव करत होता, ते टेपवर भरून घेत होता, आणि दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना त्या भरकटलेल्या सरावात त्याला ही धून सापडली. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. तिचा सूर लखलखीत उमटतो पण टिकत नाही, क्षणात विरतो. व्हायोलिनचा सूर धरून ठेवता येतो; इथे तो जिवंत ठेवायचा तर पुन्हापुन्हा छेडावा लागतो. या गाण्यात बोलणाऱ्याची तीच स्थिती आहे. तो थांबला की शांतता आलीच, म्हणून त्याला थांबता येत नाही.

दुसरं, या गाण्याला रूढ अर्थानं ध्रुवपद नाही. पॉप गाण्यात कडव्यांमध्ये ताण वाढतो आणि ध्रुवपदात तो मोकळा होतो. श्रोत्यांनी एकत्र गायची ती जागा असते. इथे तशी मोकळीक कुठेच मिळत नाही. तीच कबुली थोडी बदलून परत येते, मध्ये एक छोटा वेगळा तुकडा येतो, आणि पुन्हा तेच फिरणं. वॉर्नर ब्रदर्स कंपनीत हे गाणं आधी बाजारात आणायला नाखुशी होती ती यामुळेच, आणि व्यापाराच्या दृष्टीनं ती नाखुशी समजण्यासारखी होती. पण ध्रुवपद नसणं हा या गाण्याच्या अर्थाचाच भाग आहे. क्षमा न मिळालेल्या कबुलीला मोकळं होण्याची जागा कुठून असणार?

सूर ए मायनरचे आहेत. आपल्या ओळखीच्या परिभाषेत सांगायचं तर भातखंड्यांच्या वर्गीकरणातल्या आसावरी थाटाचे स्वर. राग वगैरे इथे काही नाही, पण त्या कोमल गंधार-धैवत-निषादाची छाया कानाला लगेच ओळखता येते. अटलांटा सिम्फनीच्या वादकांनी वाजवलेली तंतुवाद्यं मागे येतात, पण ती कधीही पुढे येऊन भावना ओतत नाहीत. बेरीचे ड्रम्स सरळ, चालते. सगळा वाद्यमेळ न थांबता पुढे जात राहतो आणि त्यावर एक माणूस अडखळत, मागे वळून पाहत गातो. ही विसंगती कागदावरच्या शब्दांत सापडत नाही, ती ऐकावीच लागते.

चौथी पायरी: व्हिडिओ काय करतो

व्हिडिओचा दिग्दर्शक तरसेम सिंग. जन्म जालंधरचा, शिक्षण सिमला आणि दिल्लीला, आणि मग कॅलिफोर्नियात पॅसाडिनाच्या आर्ट सेंटर कॉलेजमध्ये. पुढे 'द सेल' आणि 'द फॉल' हे चित्रपट केलेला हाच तो दिग्दर्शक. स्टाइपच्या सांगण्यानुसार त्याच्या स्वतःच्या डोक्यात साधं सादरीकरण होतं. तरसेमला मात्र एका विशिष्ट भारतीय सिनेमासारखं, अतिनाट्य असलेलं, स्वप्नवत काही हवं होतं. एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पडद्यावर खोटे ओठ हलवणं स्टाइपला अनेक वर्षं मान्य नव्हतं. 'सो. सेंट्रल रेन' या बँडच्या आधीच्या गाण्याच्या व्हिडिओत त्यानं त्यासाठी कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायलं होतं. इथे तो ओठ हलवायला तयार झाला, म्हणजे स्वतःची प्रतिमा होऊ द्यायला तयार झाला.

सुरुवात पावसाळी खिडकीच्या एका खोलीत होते. अजून संगीत सुरू झालेलं नाही. बँडमधली माणसं लगबगीनं इकडून तिकडे जातात, आणि खिडकीतलं दुधाचं भांडं पडून फुटतं. तारकॉव्हस्की या दिग्दर्शकाचा १९८६ चा 'द सॅक्रिफाइस' हा चित्रपट पाहिलेल्यांना तिथला दुधाचा बुधला आठवतो. घरावरून विमानं गर्जत जातात, कपाट हादरतं आणि दुधानं भरलेला तो बुधला जमिनीवर येऊन फुटतो. त्या चित्रपटातला नायक जगाचा विनाश टाळण्यासाठी देवाशी एक सौदा करतो, आणि देवानं तो ऐकला की नाही हे आपल्याला शेवटपर्यंत खात्रीनं कळत नाही. ऐकणाऱ्याविना कबुली तिथेही आहे. तरसेमनं सुंदर दृश्य म्हणून ती उसनवारी केली असेल, पण ज्या घरून घेतली ते घर अगदी योग्य होतं.

मग खोलीबाहेरचं जग उघडतं आणि चित्रांची रांग लागते. पंख असलेला एक म्हातारा. बांधलेला, बाणांनी विंधलेला संत सेबास्टियन. चित्रकार कारावाज्जोच्या छायाप्रकाशात उभी असलेली माणसं. सोव्हिएत प्रचारचित्रांच्या घडणीचे कामगार. हिंदू देवदेवतांच्या थाटात बसलेल्या आकृती. पहिल्यांदा पाहताना ही खिचडी वाटते, आणि टीका करणारे तिथेच थांबतात. त्यातल्या दोन स्रोतांकडे जवळून पाहिलं तर मात्र धागा हाती लागतो.

पंखवाला म्हातारा गाब्रिएल गार्सिया मार्केझच्या 'प्रचंड पंख असलेला एक खूप म्हातारा माणूस' या कथेतून आला आहे. तरसेमनंच ते सांगितलं आहे. या कथेत पावसाच्या दिवसांत पेलायो नावाच्या माणसाच्या अंगणात चिखलात एक म्हातारा पडलेला सापडतो. पेलायो आणि त्याची बायको त्याला खुराड्यात ठेवतात, बघायला पैसे आकारतात. फादर गोन्सागा येऊन लॅटिनमध्ये बोलतो. म्हाताऱ्याला ते कळत नाही, तेव्हा त्याच्या देवदूत असण्यावरच शंका येते. तो जिवंत तरी आहे का हे बघायला लोक त्याला तापल्या लोखंडाचा चटका देतात. त्याच्या हातून चमत्कार होतात, पण भलतेच. आंधळ्याला दृष्टी येत नाही, तीन नवे दात येतात. कुष्ठरोग्याच्या जखमांवर सूर्यफुलं उगवतात. गावाला खूण हवी असते. ती मिळते, पण त्यांनी मागितलेली नसते, म्हणून ती खूण ठरतच नाही.

दुसरा स्रोत कारावाज्जोचं 'संत थॉमसचा अविश्वास', साधारण १६०१-०२ मधलं, आज जर्मनीत पॉट्सडॅमच्या सांसूसी राजवाड्यातलं चित्र. थॉमसचं बोट ख्रिस्ताच्या बरगडीखालच्या जखमेत शिरलेलं आहे. ख्रिस्त स्वतः त्याचं मनगट धरून ते आत नेतो आहे. थॉमसच्या खांद्याजवळची शिवण उसवलेली आहे, कपाळावर शेतकऱ्यासारख्या सुरकुत्या आहेत, आणि मागून आणखी दोघं वाकून तीच जखम पाहत आहेत. कुणाच्याही डोक्यामागे प्रभावळ नाही. व्हिडिओतही जखमेकडे जाणारं बोट आहे, आणि कुतूहलानं वाकलेली डोकी आहेत.

आता ही दोन्ही चित्रं गाण्याशेजारी ठेवा. गाण्यात प्रेम करणारा माणूस समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत खूण शोधतो. व्हिडिओ आपल्याला खूण म्हणून वापरल्या जाणाऱ्याच्या अंगात नेऊन बसवतो. तो चिखलात पडतो, टोचला जातो, तपासला जातो. त्याच्यावर प्रेम करणारेच त्याला टोचतात, कारण त्यांना खात्री हवी असते. व्हिडिओत प्रेयसी किंवा प्रियकर कुणीच नाही, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. प्रेमगीताच्या व्हिडिओतून प्रेमाचा विषयच गायब करून तिथे पूजेचे विषय बसवले, तेव्हा दिग्दर्शकानं गाण्याचा घाट बरोबर वाचला होता. कामगारांचं चित्रही याच ओळीत बसतं. तेही अढळ विश्वासाच्या भाषेत काढलेलं चित्र आहे, आणि व्हिडिओ आला त्याच वर्षाच्या अखेरीस त्या चित्रांमागचं राज्य कोसळलं. हा योगायोग होता, पण चित्रांच्या निवडीमागची दिशा योगायोगाची नव्हती.

कॅलेंडरातले देव कुठून आले

हिंदू आकृतींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. या आकृतींचा नमुना देवळातली मूर्ती नसून भिंतीवरचं कॅलेंडर आहे: गुळगुळीत त्वचा, समोरून पडणारा प्रकाश, दागिन्यांची चमक, आणि पाहणाऱ्याकडे थेट लागलेली नजर. या चित्रभाषेला घरोघरी नेण्यात सर्वांत मोठा वाटा राजा रविवर्म्याच्या शिळाछाप प्रेसचा. ती १८९४ मध्ये मुंबईत घाटकोपरला सुरू झाली आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलली. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ, युरोपीय तैलचित्रांची शिस्त आणि आपल्या पुराणांतले विषय. लक्ष्मी आणि सरस्वतीचा जो चेहरा आज आपल्याला अनादी वाटतो तो या मिश्रणातून घडला.

या चित्रांत देव समोर पाहतो, कारण दर्शन दुहेरी असतं. आपण देवाला पाहतो आणि देव आपल्याला पाहतो. कारावाज्जोच्या चित्रात कुणीही आपल्याकडे पाहत नाही. सगळे जखमेकडे पाहतात. व्हिडिओत या दोन पद्धती शेजारी येतात. एक खात्री मागणारी नजर, दुसरी नजरेलाच उत्तर मानणारी. गाण्यातला माणूस या दोहोंमध्ये अडकला आहे. आपल्याकडे पाहिलं गेलं एवढ्यावर समाधान मानता आलं असतं तर तो सुखी झाला असता. पण त्याला जखमेत बोट घालायचं आहे.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप असा, की हे सगळं अति वाचन आहे. दिग्दर्शकानं आवडती चित्रं गोळा केली आणि एकत्र लावली, त्यात इतका विचार कुठला? उत्तर सोपं आहे. तरसेमनं हा सिद्धांत मांडून चित्रीकरण केलं असं मी म्हणत नाही. निवड करताना चांगला कलावंत डोळ्यांनी विचार करतो. निवडीतून सुसंगत अर्थ निघतो का एवढंच आपण तपासू शकतो, आणि इथे तो निघतो. शंका असल्यास त्या काळचे इतर गाजलेले व्हिडिओ पाहावेत. सुंदर प्रतिमांची रास खूप ठिकाणी आहे. अर्थानं बांधलेली रास क्वचित सापडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्टाइपनं १९९४ च्या सुमारास, आपल्याला पुरुष आणि स्त्रिया दोघांबद्दलही ओढ वाटते, असं जाहीरपणे सांगितलं. त्याआधीच्या या गाण्यातली न बोलता येणारी कबुली तीच नव्हे काय? आणि संत सेबास्टियन समलिंगी पुरुषांच्या चित्रपरंपरेत किती काळापासून आहे हे डेरेक जार्मनच्या १९७६ च्या 'सेबास्तियाने' या चित्रपटावरूनही दिसतं. हे वाचन मी नाकारत नाही. ज्या समाजात बोलण्याची किंमत मोजावी लागते तिथे कबुलीचं ओझं वेगळंच असतं, आणि त्या अनुभवातून आलेल्या श्रोत्याला या गाण्यात जे ऐकू येतं ते इतरांना शिकण्यासारखं आहे. पण चरित्राची किल्ली लावून गाणं उघडलं आणि आता आत काही उरलं नाही असं मानणं, ही वाक्प्रचाराची किल्ली लावणाऱ्यांचीच चूक आहे.

तिसरा आक्षेप भारतीय वाचकाचा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. आपले देव पाश्चात्त्य प्रेक्षकासाठी शोभेचे म्हणून तिथे बसवले आहेत. यात तथ्य आहे. ख्रिस्ती प्रतिमांना व्हिडिओत घटना मिळते: कुणी पडतं, कुणी टोचतं, कुणी वाकून पाहतं. हिंदू आकृतींना फक्त दिसणं मिळतं. त्यांच्यासमोर हात जोडलेला माणूस कुठेही नाही, आणि दर्शनाची अर्धी बाजूच गाळली तर उरते ती सजावट. व्हिडिओतलं हे खरं उणेपण आहे. मात्र 'शुद्ध' भारतीय प्रतिमेत भेसळ झाली अशी तक्रार मला मान्य नाही. ही प्रतिमा घाटकोपरच्या छापखान्यातच अर्धी युरोपीय होऊन जन्मली होती. कारावाज्जोशेजारी तिला उभं करण्यात तरसेमनं तिच्याच वंशावळीतला एक दुवा उघडा केला.

चौथा आक्षेप रॉकच्या जुन्या चाहत्यांचा. व्हिडिओनं गाणं खाल्लं. ऐकणाऱ्याची कल्पनाशक्ती मेली. आता कानांवर मँडोलिन पडली की डोळ्यांसमोर पंख येतात. एमटीव्हीच्या १९९१ च्या समारंभात वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओसह सहा पुरस्कार मिळाल्यावर ते अटळ होतं. भारतात तर क्रम उलटाच होता. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं, त्यात एमटीव्ही होतं, आणि केबलच्या तारा पोचलेल्या मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत हे गाणं आधी दिसलं, मग ऐकलं गेलं. कॅसेट मागाहून आली. दिसलेलं गाणं ऐकण्याची सवय बदलतं, हे मला मान्य आहे. पण गाणं आणि व्हिडिओ एकच गोष्ट सांगत असते तर एकानं दुसऱ्याला गिळलं असतं. इथे गाणं पाहणाऱ्याच्या बाजूनं बोलतं आणि व्हिडिओ पाहिल्या जाणाऱ्याच्या. त्यामुळे दोन्ही एकमेकांपासून सुटी करता येतात.

याचा पडताळा उशिरा, पण चांगला मिळाला. बँड २०११ मध्ये विसर्जित झाला होता. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेमच्या समारंभात हे चौघं अनेक वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि त्यांनी हेच गाणं म्हटलं. तिथे देवदूत नव्हते, संत नव्हते, सेट नव्हता. बकच्या हातात मँडोलिन होती आणि साठी ओलांडलेला स्टाइप तीच कबुली देत होता. चित्रांवाचून गाण्याचं काहीही अडलं नाही; तो 'तू' याही वेळी काही बोलला नाही.